डोणगावचा डावा पाय

डोणगावात सकाळी कोंबडं आधी आरवायचं की किसनरावाच्या ओट्यावरचं पहिलं कण्हणं आधी उठायचं, अशी पैज कुणी लावली असती तर कोंबडं रोज हरलं असतं. अंधार फिटायच्या सुमाराला माणसं यायला लागत. कुणी काठीवर वाकलेला, कुणी दोघांच्या खांद्यांवर लोंबणारा, कुणी बैलगाडीत कडब्यावर आडवा पडून दर खड्ड्याला एकेका देवाचं नाव घेत आलेला. सगळ्यांचं दुखणं एकच. कमरेत उसण भरलेली. आणि सगळ्यांचं औषधही एकच. वच्छलाबाईंचा डावा पाय.

वच्छलाबाई पायाळू होत्या. आईच्या पोटातून येताना डोक्याऐवजी पायांनी आल्या होत्या. अशा माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते, याबद्दल त्या मुलखात कुणाच्या मनात शंका नव्हती. पायाळूला जमिनीत पुरलेलं धन दिसतं असंही म्हणत. वच्छलाबाईंना उभ्या जन्मात पुरलेलं काही दिसलं असेल तर ते परसात कुत्र्याने पुरलेलं हाड. पायाळूवर वीज पडते असंही म्हणत, म्हणून पावसाळाभर त्यांना शेताची वाट बंद. नवरा, गडी, जावा, सगळे वावरात. त्या एकट्या घरात, आभाळाकडे बघत.

त्यांचं लग्नही या पायानेच जमवलं. सासऱ्यांची कंबर वर्षातून चारदा धरायची. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनी तोंड पाहिलं की नाही कोण जाणे, पण पाय धुवायला लावून पाय मात्र निरखून पाहिला. सोळाव्या वर्षी वच्छला डोणगावात आली. हळद फिटायच्या आत सासरे उंबऱ्यात पालथे झाले आणि सुनेने त्यांच्या कमरेवर पाय ठेवला. सासऱ्याला पाय लावायचा म्हणून ती नवरी अशी थरथरत होती की म्हाताऱ्याला वाटलं, गुण त्या थरथरण्यातच आहे.

पुढे सासरे गेले, पण उंबरा रिकामा झाला नाही.

या उपचाराला एक नेम होता आणि त्या नेमातच वच्छलाबाईंचा गळा अडकला होता. पाय तीन सकाळी लावायचा. पहिल्या दिवशी उसण सैल होते, दुसऱ्या दिवशी निघते, तिसऱ्या दिवशी जाते. आणि या तीन दिवसांत पायाळू माणसाने गावची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर उसण उलटते आणि दुप्पट होऊन बसते. ऐकायला नेम साधा होता. पण सोमवारी आलेल्याचा तिसरा दिवस बुधवारी भरायचा, तेवढ्यात मंगळवारी दुसरा कुणी आलेला असायचा. त्याचा गुरुवारी भरायचा, तोवर बुधवारचा हजर. एकाचे तीन दिवस संपायच्या आत दुसऱ्याचे सुरू. अशी बावीस वर्षं गेली. बावीस वर्षांत सलग तीन दिवस रिकामे असे मिळालेच नाहीत. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा ओट्यावर पाचजण होते. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई निघाल्या आणि पोचल्या तेव्हा राख सावडून झाली होती. भाऊ फक्त त्यांच्या पायांकडे बघत राहिला.

वच्छलाबाईंचा नवरा किसनराव वाईट माणूस नव्हता. बायकोवर त्याने कधी हात उचलला नाही, की ताटात उरलंसुरलं वाढू दिलं नाही. पण दारात गर्दी दिसली की त्याला अंगात बळ यायचं. खांद्यावर उपरणं टाकून, पहाडी आवाजात तो माणसं लावायचा. एखाद्या नाटक कंपनीचा मालक तिकिटाच्या खिडकीशी उभा राहून जसा थाटात बोलतो, तसा.

"तुहा दुसरा दिवस नं बे? तिकडं निज. हा पयला, याले उंबऱ्यात घ्या. आन् तू कोन? दात दुखते? दाताले पाय लावाचा का, भल्या मानसा! घरी जाय!"

सगळे हसायचे, हसताना कमरेत कळ यायची आणि कण्हायचे. खेळ असा रोज रंगायचा. त्या खेळातल्या नटीला मात्र सुट्टी नव्हती. आणि वच्छलाबाईंना एक गोष्ट ठाऊक होती, जी प्रेक्षकांना ठाऊक नव्हती. पायात काही नव्हतं.

हे त्यांना कळलं ते शाळेच्या रंगराव गुरुजींमुळे. फार वर्षांपूर्वी गुरुजी उसण घेऊन आले, तेव्हा वच्छलाबाईंची म्हैस विताना अडली होती. "गुरुजी, मले येळ लागन," त्या गोठ्यातून ओरडल्या. "उगा लाकडासारखे पडू नका. पाठीवर निजा, गुडघे उभे करा, आन् पाळन्यावानी इकडं-तिकडं झुलवा." हे त्यांनी का सांगितलं? त्यांच्या आईची कंबर धरायची तेव्हा ती असंच करायची, एवढंच. तासाभराने हात धुऊन बाहेर येतात तो गुरुजी अंगणात ताठ उभे, टोपी झटकत.

"आवो, मी पाय नाई लावला अजून!"

"तुमच्या उंबऱ्यात निजलो, तेवढं पुरलं," गुरुजी म्हणाले, हात जोडून चालू लागले, आणि गावभर वच्छलाबाईंची कीर्ती आणखीनच वाढली.

त्या दिवसापासून त्यांनी मनाशी ताडून पाहायला सुरुवात केली. हळूहळू पाय लावायच्या आधी पाच गोष्टी बसवल्या, आणि नेमाचाच भाग म्हणून सांगितल्या. आधी पोटावर निजायचं, कपाळाखाली हात, आणि श्वास पाठीत जाईल असा सावकाश घ्यायचा. मग पाठीवर, गुडघे उभे, दोन्ही गुडघे मिळून एकदा डावीकडे लवंडायचे, एकदा उजवीकडे. मग एकेक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरून दहापर्यंत मोजायचं. मग हातापायांवर ओणवं होऊन मांजरीसारखी पाठ वर काढायची आणि सोडायची. आणि उठताना कधी सरळ उठायचं नाही; कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठायचं. दुखेल तिथे थांबायचं, जोर करायचा नाही. यासोबत चुलीजवळ तापवलेली वीट, जुन्या लुगड्याच्या दोन घड्यांत गुंडाळून, आधी आपल्या मनगटाला लावून पाहिलेली. झाडावरून पडलेला, किंवा पाय बधिर झालेला कुणी आला तर त्याला त्या हात लावत नसत. "मेहकरच्या दवाखान्यात जा," म्हणत, आणि किसनराव नाराज झाला तरी ऐकत नसत.

हे सगळं झाल्यावर, शेवटी, तीनदा पाय. लोक पाच गोष्टी निमूट करायचे, पायाची वाट बघत. आणि बरे झाले की पायाला नमस्कार करून जायचे. घरी हेच केलंत तरी चालेल, असं वच्छलाबाईंनी किती जणांना सांगितलं! झुंबरबाई नावाची शेजारची म्हातारी, दर महिन्याला कंबर धरून येणारी, तर तोंडावर म्हणायची, "व माय, घरी लोळून उसन गेली असती तं म्हशीले कदी भरलीच नसती."

गंमत अशी की बावीस वर्षं एका पायावर तोल सावरून वच्छलाबाईंचा उजवा गुडघा झिजला होता. दुपारी ओट्याच्या कडेला बसून त्या पाय सरळ करायच्या, दहा आकडे हवेत धरायच्या, खाली सोडायच्या. निरगुडीचा पाला उकळून शेकायच्या. कुणी बघितलं की पाय झटकन लुगड्याखाली. उसण काढणारीचंच दुखतं हे दिसून कसं चालेल?

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या चौथ्या की पाचव्या वर्षी, फाल्गुनात, लेकीचं पत्र आलं. कोकिळा पिंपळगाव राजा या गावी दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, याच घरात झालं होतं. कळा सुरू असताना, आईचा हात धरून ती घामाघूम झाली असताना, बाहेरून किसनरावाचा आवाज आला होता. लांबून एक गाडी आली आहे, माणूस विव्हळतो आहे, दोनच मिनिटं ये. वच्छलाबाईंनी लेकीच्या मुठीतून आपला हात सोडवून घेतला होता. एकेक बोट उलगडून. परत आल्या तेव्हा नातू जन्मलेला होता आणि कोकिळेने भिंतीकडे तोंड केलेलं होतं.

आता दुसरं बाळंतपण सासरी होणार होतं. पत्रात चारच ओळी होत्या. गुरुजींनी त्या वाचल्या आणि शेवटच्या ओळीशी थांबले. मग हळू आवाजात वाचलं, "आई, या खेपेला तू ये. तुझे पाय नकोत, हात पाहिजेत."

वच्छलाबाईंनी पत्र चोळीत ठेवलं.

"जाय नं!" किसनराव म्हणाला. "तुले कोन अडवते, कोकिळेच्या माय? आज ओट्यावर चौघं हायेत. परवा त्याईचा तिसरा दिवस. परवा निघ."

"आन् उद्या कोनी आलं तं?"

"उद्याचं उद्या पाहू."

उद्या दोघं आले. परवा झुंबरबाई आली. "नवं मानूस घेऊ नका," असं वच्छलाबाईंनी नवऱ्याला सांगून पाहिलं. किसनराव खरंच दारात उभा राहिला आणि एका माणसाला परतही पाठवू लागला. पण तो माणूस अंगणातच बसला. बसला म्हणजे काय, कोसळला. त्याचं कण्हणं भिंतीतून आत येत राहिलं. शेवटी वच्छलाबाई स्वतःच उठून बाहेर आल्या. दार नवऱ्याने लावलं होतं हे खरं, पण कडी त्यांच्या आतल्या बाजूलाही होती. दुखणाऱ्या माणसाला जा म्हणणं त्यांच्याने होत नव्हतं. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. आपण या उंबऱ्यातून कधी निघणारच नाही, तिरडीवरही तिसरा दिवस भरल्यावरच ठेवतील, अशी भीती.

त्याच आठवड्यात शेकायची वीट तडकली. नवी आणायला त्या ओढ्याकाठी कय्यूमच्या वीटभट्टीवर गेल्या. कय्यूम उकिडवा बसून साच्यात माती थापत होता. वाकून वाकून त्याचीही कंबर दोनदा धरली होती, त्यामुळे बाईंना बघताच त्याने घमेलं उपडं करून बसायला दिलं. पक्क्या विटांच्या ढिगातून एक वीट उचलताना वच्छलाबाई थांबल्या. विटेच्या अंगावर बकरीचा खूर उमटला होता. खोल, स्वच्छ, आताच पाय देऊन गेल्यासारखा.

"काय सांगू बाई," कय्यूम म्हणाला, "वल्ल्या विटाईवरून पयाली ते. शिव्या देऊ देऊ तोंड दुखलं माहं. भट्टीतून निंगाली तं तसाच खूर. बकरी कवाचीच इकली, पन तिचा पाय अथीच हाये."

वच्छलाबाई विटेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वहाणा काढल्या.

"कय्यूमभाई, या वल्ल्या विटाईवर मी पाय ठेवू?"

कय्यूमने मातीचे हात मांडीला पुसले. "काऊन?"

"माहा पाय अथी ठेवून मले लेकीकडं जाचं हाये."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो आधी हसला, मग डोकं खाजवत म्हणाला, "लोक याले शेकनार नाईत बाई. पुजतीन."

"पुजू द्या. पन आंधी तापवू द्या."

एकवीस ओल्या विटा कय्यूमने ओळीने मांडल्या. वच्छलाबाईंनी पदर खोचला आणि चालायला सुरुवात केली. दर विटेवर डावा पाय, तोल उजव्या गुडघ्यावर. दहाव्या विटेला गुडघ्यातून कळ निघाली. कय्यूमने काठी पुढे केली, दुसरं टोक स्वतः धरलं, आणि तसं त्या काठीच्या आधाराने बाई एकविसाव्या विटेपर्यंत गेल्या. मातीत डाव्या पावलांची ओळ उमटली. एकट्या डाव्याच पायाने कुणी चालत गेल्यासारखी.

"सुकतीन, मंग भट्टी लावतो," कय्यूम म्हणाला. "पंधरा दिवस धरा."

ते पंधरा दिवस कसे गेले ते त्या घराच्या सारवलेल्या जमिनीलाच माहीत. रोज सकाळी पाय, रोज दुपारी ओट्यावर बसून ओढ्याच्या बाजूला धूर दिसतो का ते बघणं. मध्येच पिंपळगावहून आलेल्या एका माणसाने सांगितलं, पोरीचे दिवस भरत आले, पाय सुजलेत, वाटेकडे डोळे लावून असते. वच्छलाबाईंनी निरगुडीचा पाला त्याच्याकडे बांधून दिला. दुसरं काय देणार?

विटा आल्या त्या सकाळी ओट्यावर सहाजण होते. कय्यूमने पोतं उघडलं, वीट हातात घेतली आणि सगळ्यांसमोर धरली. तांबूस विटेवर टाच, तळवा, पाच बोटं. सहाहीजण कण्हता कण्हता माना वळवून बघू लागले.

वच्छलाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. बावीस वर्षं त्या उंबऱ्यात त्यांचा पाय बोलत होता. आज पहिल्यांदा तोंड बोलणार होतं.

"ज्याचे तीन दिवस सुरू हायेत त्यानं एक वीट घरी न्याची. चुलीपाशी तापवाची. फडक्याच्या दोन घड्याईत गुंडाळून, मनगटाले लावून पाहाची, भाजत नसन तं कमरेखाली घ्याची. पाऊल वरतं. आन् पाच गोष्टी कराच्या, जशा अथी करता तशाच. एक बी सोडली तं पाय लागू पडनार नाई. मी लेकीकडं जाऊन राह्यली."

"तीन दिवस भरले नाईत!" झुंबरबाई पालथी पडल्या पडल्याच ओरडली. तिचा पहिला दिवस होता. "शीव वलांडशीन तं आमची उसन उलटन!"

"झुंबरबाई, तुमाले काय पायजे? मी का माहा पाय?"

"तू काय कामाची? पाय!"

"पाय कुठी हाये?"

म्हातारीने मान वळवून विटेकडे पाहिलं. "अं... विटेत."

"वीट कोनाच्या घरी राहीन?"

"माह्या."

"मंग पाय शिवेच्या आत झाला का नाई?"

रंगराव गुरुजी त्या दिवशी कंबर धरलेली नसताना नुसते बघायला आले होते. ते मोठ्याने हसले. "किसनराव, वकील पाहिजे होती ही! नेम मोडला नाही आणि बाई सुटली."

किसनराव हसला नाही. पण सहाजणांनी सहा विटा उचलल्या, तेव्हा त्यानेही खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "ठीक हाये," तो म्हणाला. "उद्या सकाळच्या यष्टीनं जाय. ट्रंक मीच नेऊन देतो."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर झुंबरबाई आधीच बसून होती. रात्री शेकलं, सगळं केलं, झोप लागली, असं तिने कुणी न विचारता सांगितलं. वच्छलाबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. किसनरावाने ट्रंक उचलायला कंबर वाकवली. उचलली. आणि तिथेच राहिला. ट्रंक अर्धी हवेत, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. मग ट्रंक धाडकन खाली आणि तो त्या ट्रंकेवर.

"मेलो व माय!"

अंगणात हलकी कुजबुज झाली. सोंग असावं, असं निम्म्यांना वाटलं. पण वच्छलाबाईंनी बावीस वर्षांत हजारो कमरा पाहिल्या होत्या. नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पाहताच त्यांना कळलं, हे खरं आहे. सोंग असतं तर सोपं होतं. त्या सोंगाकडे पाठ फिरवून निघाल्या असत्या.

वेशीकडून यष्टीचा भोंगा वाजला. डोणगावात ती पाच मिनिटं थांबायची.

"पाय लाव," किसनराव पुटपुटला. आवाजातला पहाड पार कोसळला होता. "एक डाव. माह्यासाठी. मंग तीन दिवसांनं मी सोता नेऊन घालतो तुले, शपथ."

वच्छलाबाई खाली बसल्या. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, मग पोटावर. कपाळाखाली हात दिले. "श्वास घ्या. पाठीत. सावकाश." चुलीजवळची पाऊल उमटलेली वीट झुंबरबाईने न सांगता आणून दिली. त्यांनी ती गुंडाळली, मनगटाला लावली, त्याला पाठीवर वळवून कमरेखाली सरकवली. गुडघे उभे केले. "डावीकडं लवंडा. आता उजवीकडं. दुखन तथी थांबा."

तो लहान पोरासारखा करत राहिला. लवंडता लवंडता म्हणाला, "पाय?"

वच्छलाबाईंनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. सासऱ्याच्या कमरेवर थरथरला होता तोच हा पाय. एकदा उचलला असता तर नवऱ्याचं मन राहिलं असतं. आणि त्याचे तीन दिवस सुरू झाले असते. मग उद्या दुसऱ्या कुणाचे.

"पाय तुमच्या कमरेखालीच हाये," त्या म्हणाल्या, आणि वहाण घातली.

"कोकिळेच्या माय!"

भोंगा पुन्हा वाजला. वच्छलाबाईंचे पाय जागच्या जागी रुतले. तेव्हा झुंबरबाई खेकसली, "जाय नं व बह्याडे! याच्यापाशी मी बसतो, मोजतो मी याचे. दहापर्यंत येतात मले!"

निरोप द्यायला आलेल्या कय्यूमने ट्रंक डोक्यावर घेतली आणि तो पुढे पळत सुटला. वच्छलाबाई दुखऱ्या गुडघ्यानिशी त्याच्यामागे. मागून किसनरावाची हाक येत होती की नाही, हे त्यांनी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण ऐकू आलं ते झुंबरबाईचं. "चार... पाच... आरे धर नं गुडघा! सहा..."

गाडी शिवेवरच्या शेंदरी दगडापाशी आली, तेव्हा वच्छलाबाईंनी दोन्ही पाय यष्टीच्या पत्र्यावरून वर उचलून धरले. दगड मागे गेला. मग पाय खाली ठेवले. शेजारची बाई बघत होती. "गुडघा दुखते," वच्छलाबाई म्हणाल्या. बावीस वर्षांत चारचौघांत त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं.

मेहकरला गाडी बदलली, खामगावला बदलली, दिवस कलता कलता पिंपळगाव राजाला पोचल्या. दारात कोकिळा उभी होती, भिंतीला टेकून. तिने आईकडे पाहिलं, मग आईच्या मागे पाहिलं, वडील न्यायला आले आहेत का ते. कुणी नव्हतं. मग तिने आईचा हात धरला आणि दोन दिवस जवळजवळ सोडलाच नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर कळा सुरू झाल्या. गावची दाई बिस्मिल्लाबी, पन्नाशीची, हाताने भरभक्कम आणि जिभेने फटकळ, कोकिळेच्या पायाशी बसली होती. एकाएकी तिचा आवाज बदलला.

"पाय दिसून राह्यले."

दाराबाहेर जावई पंजाबराव फेऱ्या घालत होता, त्या फेऱ्या थांबल्या.

बिस्मिल्लाबीने वच्छलाबाईंकडे न बघता सांगितलं, "वढायचं नाई. घाई करायची नाई. येऊ द्या त्याले त्याच्या चालीनं. बाई, पोरीचा हात धरा." वच्छलाबाईंनी हात धरला. कोकिळेची नखं मनगटात रुतली, रक्त आलं, त्यांनी सोडला नाही. बाहेरून कुणी हाक मारली असती, तरी त्या दिवशी त्यांना ऐकू आलं नसतं.

मूल आलं, क्षणभर गप्प राहिलं, आणि मग असं कडाडलं की बिस्मिल्लाबी मागे रेलली आणि हसत सुटली.

"पोरगी! आन् पायाळू! पुरी तुमच्यावर गेली. सांगू का बाहेर? साखर वाटतीन लोक."

वच्छलाबाईंनी नात हातात घेतली. डावा पाय पाहिला. तुरीच्या दाण्यांएवढी बोटं. गुडघा पोटाशी दुमडलेला, सरळ केला तर पुन्हा दुमडून घेणारा.

"नाई बिस्मिल्लाबी. डोक्याकडून आली."

"आवो, मी सोता पाह्यलं..."

"तुमी पाह्यलं, मी पाह्यलं. कोकिळा कोनाले सांगनार नाई. आपल्यातच राहू द्या." त्यांनी नातीचा पाय मुठीत झाकला. "लोक हिच्या दारात येतीन. भल्या पहाटेपासून येतीन, विव्हळत येतीन, आन् हिच्यानं नाई म्हनवनार नाई. आन् हिचा बाप मरन तवा हे तिसऱ्या दिवशी पोचन."

बिस्मिल्लाबीने लुगड्याच्या मऊ तुकड्यात पोरीचे दोन्ही पाय गुंडाळले, घट्ट बांधले, आणि दाराकडे तोंड करून ओरडली, "लक्षुमी आली! डोक्याकडून, सरळ!"

नात झाल्याचा निरोप पोचला आणि दहाव्या दिवशी डोणगावहून कार्ड आलं. अक्षर रंगराव गुरुजींचं, पण बोलणं किसनरावाचं. जावयाने वाचून दाखवलं. "कंबर चौथ्या दिवशी सुटली. कशाने सुटली ते विचारू नये. सकाळी ओट्यावर माणसं येतात त्यांना मीच निजवतो व आकडे मोजतो. माझा आवाज मोठा असल्यामुळे गुण लवकर येतो असे झुंबरबाईचे म्हणणे. विटा संपल्या, कय्यूम म्हणतो, पाऊल आणा. तू कधी निघतेस ते कळव. तसेच नात कशी जन्मली तेही कळव. लोक विचारून राहिले आहेत."

वच्छलाबाई पायांवर नातीला घेऊन तेल चोळत होत्या. डावा गुडघा पोटाशी, मग सरळ. उजवा गुडघा पोटाशी, मग सरळ. पोरगी फुरफुरत होती. "लिहा, जावईबापू," त्या म्हणाल्या.

पंजाबराव कार्ड आणि टाक घेऊन बसला.

"लिहा. बाळबाळंतीन सुखरूप हायेत. मी सव्वा महिना अथीच राहीन. नात डोक्याकडून जन्मली."

टाक थांबला. दाराबाहेर फेऱ्या घालताना त्याने पाय दिसल्याचं बिस्मिल्लाबीचं बोलणं ऐकलं होतं. त्याने आधी सासूकडे पाहिलं, मग त्यांच्या मांडीवर पाय झाडणाऱ्या आपल्या लेकीकडे.

"मामी, पन..."

"लिहा," वच्छलाबाई म्हणाल्या.

पंजाबरावाने टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं.